विद्यापीठाला कॅमेरा हवाय, विद्यार्थ्याला आवाज

मागचे दोन लेख रामन स्पेक्ट्रोस्कोपीवर होते. नको असलेल्या प्रकाशाच्या ढिगातून हवा तेवढा क्षीण सिग्नल कसा वेचायचा, हे आपण त्यात पाहिलं. आजचा विषय माझ्या प्रयोगशाळेतला नाही, पण दुखणं तेच आहे: सिग्नल आणि गोंगाट.

झालं असं, की एका विद्यापीठाने वर्गातली लेक्चर्स रेकॉर्ड करणारी यंत्रणा विकत घ्यायचं ठरवलं. कॅमेरे, माइक आणि त्या सगळ्याला हाकणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी 'तांत्रिक आवश्यकता' नावाचा चौदा पानांचा मसुदा तयार झाला आणि विभागांकडे अभिप्रायासाठी आला. आमच्याकडे तो फिरत फिरत माझ्या टेबलावर पोचला. कारण काय, तर "तू ते ब्लॉग वगैरे लिहितेस ना, तुला कळत असेल." विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही, त्याने मुद्द्यात काही फरक पडत नाही. मसुदा मात्र मी अक्षरन् अक्षर वाचला. त्याचं हे परीक्षण समजा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हा मसुदा यंत्राच्या बाजूने लिहिलाय, ऐकणाऱ्याच्या बाजूने नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहायला बसलं की पहिल्या क्रमांकावर आवाज येतो, दुसऱ्यावर फळा, आणि शिकवणाऱ्याचा चेहरा बराच खाली जातो. मसुद्यात हा क्रम बरोब्बर उलटा आहे.

एकतीस तासांची गोष्ट

हे मला इतकं का लागतं, ते आधी सांगते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालयं परत उघडली तेव्हा मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. निम्मी मुलं वर्गात, निम्मी घरी. त्यामुळे वर्गात एक कॅमेरा बसवला होता आणि छताला एक माइक. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवायला जे सर होते, त्यांच्याकडे ना स्लाइड्स, ना नोट्स. खडू आणि फळा, बस. त्यांचे एकतीस तास त्या वर्षी रेकॉर्ड झाले. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले.

गेल्या वर्षी एक ज्युनिअर माझ्याकडे आली. "ताई, सरांची लेक्चर्स आहेत म्हणे तुमच्याकडे?" आम्ही दोघींनी हार्ड डिस्क लावली आणि गिब्ज पॅरॅडॉक्सचा तास उघडला. चित्र एकदम स्वच्छ. सरांच्या शर्टाच्या चौकटी मोजता येतील इतकं. आणि आवाज? पंख्याचा. छताचा माइक पंख्यापासून हातभर अंतरावर होता.

ज्यांचा विषय भौतिकशास्त्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका डब्याच्या दोन कप्प्यांत एकच वायू भरलाय आणि मधला पडदा काढला, तर खरं म्हणजे काहीच बदलत नाही. पण जुन्या पद्धतीने गणित केलं तर एन्ट्रॉपी वाढल्याचं उत्तर येतं. यातून सुटका एका भागाकाराने होते. एकसारख्या कणांची अदलाबदल मोजायची नाही म्हणून एन फॅक्टोरियलने भागायचं. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. सरांनी त्यावर वीस मिनिटं घालवली होती, हे मला पक्कं आठवतं. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू काय आलं, तर "म्हणून आपण इथे... घर्रर्र... ने भागायचं. कळलं का, का भागायचं?"

कशाने भागायचं, तेच नेमकं गेलेलं. बरं, फळ्यावर तरी दिसेल? तर तेव्हा कॅमेरा सरांच्या मागे फळ्याच्या उजव्या टोकाला गेला होता आणि सूत्र राहिलं डावीकडे, चौकटीच्या बाहेर.

मी सरांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, "अगं, एन फॅक्टोरियल. पुस्तकात आहे की." आहे ना. पण ती वीस मिनिटं पुस्तकात नाहीत आणि आता ती कुठेच नाहीत. ज्युनिअरने हार्ड डिस्क न नेताच "थँक्यू ताई" म्हटलं.

मसुद्यात काय आहे

आधी चांगलं सांगते, कारण आहे. रेकॉर्डिंग वेळापत्रकाप्रमाणे आपोआप सुरू आणि बंद व्हावं, शिकवणाऱ्याला बटण दाबायला लागू नये, असं पहिल्याच पानावर लिहिलंय. हे शंभर टक्के बरोबर. तास घ्यायला आलेला माणूस बटण विसरतो, आणि विसरणारच. कॅमेऱ्याचं चित्र आणि लॅपटॉपचा पडदा असे दोन वेगळे प्रवाह एकाच घड्याळावर रेकॉर्ड व्हावेत, हेही आहे. ज्याने हे लिहिलं त्याने असं सॉफ्टवेअर वापरलेलं असणार.

पुढे मात्र गाडी घसरते. कॅमेऱ्याला तीन पानं दिलीत: फोर-के चित्र, किती पट झूम, शिकवणाऱ्याच्या मागे आपोआप वळणारी मान, चेहरा ओळखणं. आणि आवाजाला? एक ओळ. 'ध्वनिमुद्रण उच्च दर्जाचे असावे.'

आता यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. सरकारी खरेदी कशी होते ते माहीत असेल तर लगेच लक्षात येईल. निविदेत जे लिहिलंय ते देणाऱ्यांपैकी सगळ्यांत स्वस्त कोण, त्याला काम मिळतं. कॅमेऱ्याच्या तीन पानांमुळे कॅमेरा चांगलाच येणार. 'उच्च दर्जाचा ध्वनी' म्हणून कोणी छताला कुठलाही माइक टांगून गेला, तर त्याला नाही म्हणायला तुमच्या हातात काही नाही. दर्जा म्हणजे किती, कुठे, कुणी मोजायचा? जी अट तपासता येत नाही ती अट नसून नुसती इच्छा आहे. आमच्या गाइड शोधनिबंधाच्या मसुद्यावर अशा वाक्याशेजारी लाल पेनाने एकच शब्द लिहितात: "किती?"

आवाज: एका सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाचं काम

वर्गातला आवाज या विषयाचा जन्मच एका बिघडलेल्या व्याख्यान-दालनातून झालाय, हे मला हा लेख लिहायच्या निमित्ताने परत वाचताना फार आवडलं.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यान-दालन बांधून तयार झालं, आणि त्यात काही कळेचना. शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. तेवढ्यात वक्ता पुढचे दहाबारा शब्द बोलून गेलेला. विद्यापीठाने हे काम भौतिकशास्त्र विभागातल्या वॉलेस सॅबिन या तरुण साहाय्यक प्राध्यापकाकडे दिलं. त्याचं वय तेव्हा सत्तावीस. त्याने ऑर्गनची नळी आणि घड्याळ घेतलं, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, आणि रात्री बाहेरचा गलका थांबल्यावर एकेक गादी वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा, आणि खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांच्या मिळून शोषणशक्तीने भागा. आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात.

चला, आपल्याकडचा वर्ग घेऊ. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. घनफळ २८० घनमीटर, आतला एकूण पृष्ठभाग २८६ चौरस मीटर. फरशी, गिलावा, काच, सगळं कडक. असले पृष्ठभाग आवाजाचा साधारण ३ टक्केच भाग शोषतात, म्हणजे शोषण ८.६. उत्तर येतं ५.२ सेकंद. फॉगच्या दालनाच्या जवळपास! साठ मुलं बसली, प्रत्येकाचे ०.४ धरले, तर १.४ सेकंद. वीसच मुलं बसली तर २.७. वर्गखोल्यांसाठी अमेरिकेत जे मानक आहे ते साधारण एवढ्याच आकारापर्यंतच्या रिकाम्या खोलीला ०.६ सेकंद सांगतं.

म्हणजे वर्गात मुलं जितकी कमी, तितकं रेकॉर्डिंग जास्त घुमणार. आणि मुलं कमी येतात म्हणूनच तर रेकॉर्डिंग हवं असतं.

आता माइक. तोंडापासून थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. कॉलरचा माइक तोंडापासून २० सेंटीमीटरवर असतो. छताचा, शिकवणारा थोडा इकडेतिकडे झाला की, ३.२ मीटरवर जातो. हे अंतर सोळा पट, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबल. ऊर्जेत सांगायचं तर अडीचशे पट कमी. पंखा मात्र होता तिथेच आहे, उलट छताच्या माइकला तो जास्त जवळ.

"पण सॉफ्टवेअर गोंगाट काढतं ना हल्ली?" काढतं, थोडाफार. पण बोलण्यातली व्यंजनं मुळात दुबळी असतात. स्वरांत ताकद असते, व्यंजनं म्हणजे क्षणभराची फुंकर किंवा टिचकी. ती पंख्याखाली एकदा गाडली गेली की सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही, फार तर अंदाज करतं. आणि विज्ञानाच्या तासात सगळा खेळच एकेका अक्षराचा. एम की एन? पी की बी? टी की डी? गप्पांमध्ये एखादं व्यंजन हुकलं तर संदर्भाने कळतं. "सम ओव्हर एम" आणि "सम ओव्हर एन" यांत संदर्भ काय कपाळ मदत करणार?

मी एक साधा प्रयोग केला. त्याच वर्गात, पंखे चालू ठेवून, इंग्रजी अक्षरांची एक यादी फळ्याकडे तोंड करून वाचली. एकदा छताच्या माइकवर, एकदा मोबाइलला जोडलेल्या साध्या कॉलर माइकवर. मग दोन्ही रेकॉर्डिंग विभागातल्या ज्युनिअर्सना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवली आणि ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. छताच्या माइकवर बी, डी, पी, टी, व्ही या सगळ्यांचा एकच 'ई' झाला होता. कॉलरवर एखाददुसरी चूक. या प्रयोगावर शोधनिबंध होणार नाही, पण मसुद्यात एक ओळ बदलायला एवढा पुरावा पुरे.

फळा: पिक्सेलचा हिशोब

कॅमेऱ्यावर एवढा खर्च आहे, तर फळा तरी नीट दिसेल? मोजून बघू.

आमच्या वर्गातला फळा सोळा फूट रुंद आणि चार फूट उंच आहे, म्हणजे साधारण ४.८ मीटर बाय १.२ मीटर. नेहमीच्या एचडी चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. पूर्ण फळा चौकटीत घेतला तर एका सेंटीमीटरला ४ पिक्सेल आले. खडूचं चार सेंटीमीटरचं अक्षर १६ पिक्सेलचं, वाचता येतं. पण त्या अक्षराच्या पायाशी लिहिलेला दीड सेंटीमीटरचा 'आय' किंवा 'जे' फक्त ६ पिक्सेलचा. त्यावर व्हिडिओ दाबण्याची प्रक्रिया झाली की तो ठिपका होतो. फोर-के मध्ये हेच १२ पिक्सेल होतात आणि मग वाचता येतं.

म्हणजे फोर-के हवंच, मसुदा इथे बरोबर आहे! पण कारण चुकलंय. मसुद्यात ते शिकवणाऱ्याचा चेहरा ठळक दिसावा म्हणून मागितलंय, आणि त्यासाठी कॅमेऱ्याने माणसाच्या मागे फिरायचं. माणूस डावीकडे सूत्र लिहून उजवीकडे उदाहरण सोडवायला गेला की सूत्र गेलं. बाकावर बसलेला विद्यार्थी काय करतो? त्याची नजर दर मिनिटाला डावीकडे जाऊन येते. फिरणाऱ्या कॅमेऱ्याने त्याच्याकडून नेमकी ही नजर काढून घेतली.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन विद्यापीठाने याला वेगळं उत्तर शोधलं. फोर-के कॅमेरा भिंतीला पक्का, तो हलतच नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर ट्रॅक-फोर-के नावाचं सॉफ्टवेअर त्या मोठ्या चित्रातून शिकवणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे छोटी चौकट कापून देतं. यात मला आवडलं ते हे, की कापणी नंतर होते. मूळ चित्र ठेवलं तर त्यात पूर्ण फळा आहेच. फिरत्या कॅमेऱ्याने मात्र जे टिपलंच नाही ते नंतर कुठून आणणार? आम्ही मोजमापात हेच शिकतो: कच्चा डेटा आधी जपा, छाटणी नंतर.

फाइल: डेटा पॅक आणि गेलेली वीज

मसुद्यात साठवणुकीचे टेराबाइट आहेत, सर्व्हरच्या प्रोसेसरचे कोअर आहेत. ऐकणाऱ्याच्या खिशाचा हिशोब नाही. तो मी करते.

एचडी व्हिडिओ सेकंदाला २ मेगाबिटने पाठवला तर एका तासाचे ९०० एमबी होतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवाल्या मुलाचा डेटा दुसऱ्या लेक्चरच्या मध्येच संपतो. फोर-के जर सेकंदाला १५ मेगाबिटने पाठवायचं म्हटलं, तर तासाला पावणेसात जीबी. नुसता आवाज, ६४ किलोबिटने, चांगला स्पष्ट? तासाला २९ एमबी.

मग माझ्या डोक्यात आलं, की फळा काही सेकंदाला पंचवीस वेळा बदलत नाही. दर तीस सेकंदांनी फळ्याचा एक फोर-के फोटो घेतला, प्रत्येकी साधारण १ एमबी, तर तासाचे १२० फोटो, १२० एमबी. त्यात आवाजाचे २९ मिळवा. दीडशे एमबीत अख्खा तास, आणि पायाशी लिहिलेला 'आय' वाचता येतोय! व्हिडिओ हवा त्याला व्हिडिओ द्या. पण 'आवाज आणि फळ्याचे फोटो' एवढंच उतरवून घ्यायची सोय सक्तीची हवी. एसटीत बसून ऐकणाऱ्याला तेच लागतं.

आणखी एक अट मसुद्यात औषधालाही नाही: वीज गेली तर काय? नेहमीच्या एमपी-फोर फाइलमध्ये कुठला भाग कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. पन्नासाव्या मिनिटाला वीज गेली, तर ती लिहिलीच जात नाही आणि पन्नास मिनिटांचा डेटा डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही किंवा तुकड्यातुकड्यांनी लिहिला जाणारा एमपी-फोर वापरला, तर गेलेल्या क्षणापर्यंतचं सगळं वाचतं. खर्च शून्य, फक्त एक ओळ लिहायची. तसंच नेटचं. रेकॉर्डिंग आधी वर्गातल्याच डिस्कवर व्हावं आणि रात्री सर्व्हरवर जावं. मसुद्यात ते थेट सर्व्हरवर जातंय, म्हणजे नेट गेलं की तास गेला.

मथळे आणि गारुडी

पडद्यावर खाली बोललेला मजकूर दिसावा, ही सोय मसुद्याने 'ऐच्छिक' रकान्यात टाकलीय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांत असे मथळे मिळावेत असं स्पष्ट आहे. तेव्हा हे ऐच्छिक नाही. आता हा मजकूर यंत्राने तयार करता येतो. ओपन-एआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे मॉडेल खुलं केलं, त्यात मराठीही आहे. पण ते शिकलं ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर, आणि त्यात इंग्रजी सोडून इतर ९६ भाषांचे मिळून तास १,१७,०००. मराठीच्या वाट्याला किती आलं असेल त्याचा विचार करा. त्यातून आमचे तास म्हणजे "या मॅट्रिक्सचे आयगेनव्हॅल्यू काढले की डिटरमिनंट लगेच पडतो" अशी भाषा. म्हणून अट नुसती 'मथळे असावेत' अशी नको. शिकवणाऱ्याला ते दुरुस्त करता यावेत आणि विषयाच्या शब्दांची यादी आधी देता यावी, असं हवं. आणि परत तेच: माइक खराब असेल तर यंत्रालाही एम आणि एन सारखाच.

संमतीबद्दल मसुदा गप्प आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकार' कोण याची व्याख्या आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, आणि त्याच यादीत 'व्याख्यान देणारी व्यक्ती'. खरंच! आमच्या विभागात हे वाचून दाखवल्यावर चहा सांडला होता. पण गंमत बाजूला ठेवली तर अर्थ सरळ आहे, शिकवणाऱ्याचा आपल्या व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगवर हक्क कायदा मानतो. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये थांबवायचं बटण, प्रसिद्ध होण्याआधी पाहून कापायची सोय, आणि कोण पाहू शकेल हे ठरवायची सोय हवी. प्रश्न विचारणाऱ्या मुलांचाही आवाज त्यात असतो. आपला प्रश्न कायमचा जपला जाणार असं वाटलं तर निम्म्या मुली हात वर करणार नाहीत. मी केला नसता.

मग लिहायचं काय?

मसुद्याची काही पानं एखाद्या माहितीपत्रकावरून उतरवल्यासारखी वाटतात, इतकी वैशिष्ट्यं एकाच उत्पादनाला फिट बसतात. खुले पर्याय आहेत. अनेक विद्यापीठांनी मिळून मॅटरहॉर्न नावाने सुरू केलेलं ओपनकास्ट आज झुरिकपासून केप टाऊनपर्यंत वापरात आहे. वेळापत्रक लावणं, वर्गातून रेकॉर्डिंग घेणं, त्यावर प्रक्रिया करणं आणि वाटणं, सगळं त्यात आहे. ते फुकट आहे, पण चालवायला माणूस लागतो आणि त्याचा पगार फुकट नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. विकतचं घ्या किंवा खुलं घ्या, रेकॉर्डिंग सर्वसाधारण फाइलच्या रूपात बाहेर काढता आलं पाहिजे. नाहीतर करार संपला की लेक्चर्सही संपली.

मी दोन पानांचा अभिप्राय दिला. त्यात सहा अटी होत्या, सगळ्या तपासता येणाऱ्या:

१. पंखे चालू, फळ्याकडे तोंड करून वाचलेल्या ५० अक्षरांपैकी किमान ४७ अक्षरं नवख्या माणसाला मोबाइलच्या स्पीकरवर बरोबर ओळखता यावीत.

२. फळ्याच्या कुठल्याही कोपऱ्यात खडूने लिहिलेलं दीड सेंटीमीटरचं अक्षर रेकॉर्डिंगमध्ये कुठल्याही क्षणी वाचता यावं, शिकवणारा कुठेही उभा असो. स्वतःच त्या अक्षरासमोर उभा असेल तर माफ.

३. रेकॉर्डिंग चालू असताना प्लग काढला, तर तोपर्यंतची फाइल उघडावी. नेट काढलं तर रेकॉर्डिंग थांबू नये.

४. एका तासाचा आवाज आणि फळ्याचे फोटो मिळून २०० एमबीच्या आत उतरवता यावेत.

५. मथळे दुरुस्त करता यावेत. रेकॉर्डिंग थांबवणं, कापणं आणि कुणाला दाखवायचं ते ठरवणं शिकवणाऱ्याच्या हातात असावं.

६. सगळी रेकॉर्डिंग, मथळ्यांसह, एका आज्ञेने दुसरीकडे नेता यावीत.

चाचणी दुकानात नाही, आमच्या वर्गात आणि पैसे देण्याआधी.

बैठकीत काय झालं? प्लग काढायची अट लगेच मान्य झाली, कारण समितीतल्या एका सरांची फाइल तशीच गेली होती. सहावीही मान्य झाली. पहिल्या अटीवर "एवढं कोण मोजत बसणार?" असा प्रश्न आला. मी म्हटलं, मी बसते. त्यावर निर्णय पुढच्या बैठकीत. फिरणारा कॅमेरा मात्र कायम राहिलाय, तो पाहुण्यांना दाखवायला बरा पडतो म्हणे.

शेवटी एक आठवण करून देते. १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकमध्ये रिचर्ड फाइनमननी पहिल्या दोन वर्षांच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. ती लेक्चर्स टेपवर ध्वनिमुद्रित केली गेली आणि फळ्याचे फोटो काढले गेले. त्या टेप आणि फोटोंवरून जगभर वाचले जाणारे तीन खंड तयार झाले. साठ वर्षांनंतर आजही ते ध्वनिमुद्रण ऐकता येतं, फोटो पाहता येतात. आवाज आणि फळ्याचे फोटो, एवढंच सामान होतं.

आमच्या सरांच्या एकतीस तासांसाठी आमच्याकडे त्यापेक्षा कितीतरी महाग यंत्र होतं. तुमच्या विभागात असा मसुदा अभिप्रायासाठी आला, तर 'ठीक आहे' लिहून परत पाठवू नका. वरच्या सहा ओळी हव्या तशा बदलून वापरा, माझं नाव द्यायची गरज नाही. आणि तुमच्याकडचे एखादे सर किंवा मॅडम येत्या वर्षभरात निवृत्त होणार असतील, तर समितीची वाट पाहू नका. त्यांची परवानगी घ्या, कॉलरला एक साधा माइक लावा आणि पहिल्या बाकावरून फळ्याचे फोटो काढत राहा.

पुढच्या लेखात परत रामन. भेटूच.